लहान मुलांचा ऑनलाइन फ्रेंच क्लास: पहिली लेव्हल डोळे झाकून घ्या, दुसरी डोळे उघडे ठेवून

क्लासचं नाव देत नाहीये. एक तर खाली जी तक्रार आहे ती नाव घेऊन करायची नाहीये मला, आणि दुसरं म्हणजे ह्या धाटणीचे ऑनलाइन क्लास आता पैशाला पासरी झालेत, सगळ्यांचा साचा साधारण हाच, त्यामुळे ज्याला आपल्या पोराला फ्रेंच लावायचंय त्याला कुठेही लागू पडेल. लेक पहिलीत असताना घातली, सहा वर्षांची होती, दोन्ही लेव्हल मिळून सात महिने झाले. पहिली लेव्हल २४ सेशन, आठवड्यातून दोन, ४० मिनिटांचं एक, बॅचला ६ मुलं. दुसरी लेव्हल ३० सेशन, बाकी सगळं तेच, फक्त बॅचला ११ मुलं आणि टीचर वेगळ्या. ह्या 'फक्त'वर पुढे बरंच बोलायचंय.

आधी माझंच फ्रेंच किती ते सांगून टाकतो. शाळेत तीन वर्षं घेतलं होतं, मार्क पडतात म्हणून. पडले पण. आजही झोपेतून उठवून विचारलंत तर 'ज स्वी, त्यू ए, इल ए' (मी आहे, तू आहेस, तो आहे) पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवेन, पण समोर कोणी फ्रेंच माणूस उभा राहिला आणि त्याने बाथरूम कुठेय एवढंच विचारलं तर माझा पुतळा होईल. तीन वर्षांत वर्गात तोंड उघडून एक अख्खं वाक्य बोललो नव्हतो, जे काय होतं ते वहीत. म्हणून ट्रायल क्लासला लेकीशेजारी बसलो ते जरा संशयानेच, की आता ए बी सी डी येणार, मग रंगांची नावं येणार, मग घरचा अभ्यास आणि मग आमची भांडणं.

तसं काही झालंच नाही. मादाम आल्या (पोरं पहिल्या दिवसापासून मादामच म्हणायला लागली, मग मीपण), हात हलवून 'बोंजूर' म्हणाल्या, कानामागे पंजा धरून 'एकुते' म्हणाल्या, म्हणजे ऐका, आणि एक कापडी बाहुली कॅमेऱ्यासमोर आणून तिलाच विचारलं, 'कोमाँ त्यू तापेल?' बाहुली बारीक आवाजात म्हणाली 'ज मापेल लुलू', आणि मग ती लुलू एकेका पोराला नाव विचारत फिरली. बस. चाळीस मिनिटांत स्क्रीनवर एक अक्षर आलं नाही, इंग्लिश वाक्यं सगळी मिळून चार-पाच झाली असतील. लेकीने सुरुवातीला दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं, 'काय म्हणतायत' अशा चेहऱ्याने, मी दोन्ही वेळा खांदे उडवले, तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिथेच मी फॉर्म भरला.

पहिल्या लेव्हलचा सगळा जीव 'जाक आ दी' ह्या खेळात आहे. इंग्लिशमधलं सायमन सेज, तेच हे. मादाम 'जाक आ दी' असं आधी म्हणून मग 'तुशे ल ने' म्हणाल्या तर नाकाला हात लावायचा, आणि नुसतंच 'तुशे ल ने' म्हणाल्या तर गप्प उभं राहायचं, जो हात लावेल तो आउट. 'सोते' म्हटलं की उडी, 'तुर्ने' म्हटलं की गोल फिरायचं. मुलांना बोलावं लागतच नाही, ऐकायचं आणि अंग हलवायचं. ही काही ह्या मादामच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाहीये, जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हीच पद्धत मांडली होती, की नवीन भाषा आधी हुकूम ऐकून अंगाने शिकू द्या, बोलायची घाई करू नका, तान्हं बाळ वर्षभर हेच करत असतं. मला हे नंतर वाचून कळलं, लेकीला न वाचताच कळलेलं होतं, कारण तिसऱ्या आठवड्यात ती घरी हाच खेळ आजीवर चालवायला लागली.

तो सीन सांगतोच. लेक खुर्चीवर उभी, आई समोर. लेक ओरडली, 'तुशे ल ने!' आई म्हणाली, 'काय नेऊ? कुठे नेऊ?' 'ने म्हणजे नाक गं आजी!' 'मग नाक म्हण की सरळ.' पण आई खेळली, आणि चार दिवसांत पक्की झाली. खरी गंमत पाण्याने केली. फ्रेंचमध्ये पाण्याला 'ओ' म्हणतात, नुसतं 'ओ'. आता आमची आई कोणी हाक मारली की आतल्या खोलीतून 'ओ' देणारी. लेक म्हणतेय, 'आजी, ओ दे.' आई म्हणतेय, 'ओ!' लेक म्हणतेय, 'अगं ओ दे ना!' शेवटी आई बाहेर येऊन वैतागून म्हणाली, 'दिली की ओ, आता किती वेळा देऊ?' आमच्याकडे आता पाण्याला ओ हेच नाव पडलंय.

हा शब्द लिहायचा झाला तर ई, ए, यू अशी तीन अक्षरं लिहायची, आणि उच्चार फक्त 'ओ', म्हणजे तिघांपैकी एकाचाही नाही. लेकीला तेव्हा हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेच बरं होतं, ते का ते येतंय पुढे.

उच्चारांवर मादामनी जी मेहनत घेतली तिला तोड नाही. 'त्यू' मधला तो यू आपल्याकडे नाहीच. त्यांनी पोरांना सांगितलं, लांब 'ई' म्हणा, म्हणत राहा, जीभ जिथे आहे तिथेच ठेवा आणि आता ओठांचा चंबू करा. झालं. मला शाळेत तीन वर्षांत हे कोणी सांगितलं नाही, मी बिनधास्त 'तू' म्हणत होतो. आणि हा फरक उगाच नखऱ्याचा नाहीये, 'दस्यू' म्हणजे वर आणि 'दसू' म्हणजे खाली, जीभ मागे गेली की वरची वस्तू खाली जाते. मादाम लुलूला कधी खोक्यावर ठेवायच्या कधी खोक्याखाली, आणि मुलांनी ओरडून सांगायचं ती कुठेय, चुकीचं बोललं की लुलू चुकीच्या जागी जाऊन रडायची. घशातला र गुळण्यांनी शिकवला, आधी पाण्याने आणि मग पाण्याशिवाय, आठवडाभर आमच्या बेसिनपाशी कोणीतरी गुळण्या करत 'रूज, रूज' म्हणतंय असं चाललेलं. नाकातल्या स्वरांना बोट नाकाखाली धरायला लावलं. आपल्याला तिथे एक खोड असते, आपण 'बोन्जूर' असा मध्ये आख्खा न लावतो, तो लावायचा नसतो, फक्त स्वर नाकातून सोडायचा.

उलट काही गोष्टी मराठी तोंडाला फुकटात मिळतात. फ्रेंच त म्हणजे आपला त, द म्हणजे आपला द, दाताला जीभ लावून, आणि प-क म्हणताना इंग्लिशसारखा हवेचा फुसकारा सोडायचा नाही. बॅचमधली जी मुलं घरी फक्त इंग्लिश बोलत होती ती 'टापेल' म्हणायची आणि मादाम त्यांना परत परत थांबवायच्या, आमचीला एकदाही नाही. तसंच 'त्यू' आणि 'वू' चं. एकाला त्यू म्हणायचं आणि मोठ्यांना-परक्यांना वू म्हणायचं हे इंग्लिशमधून समजावताना मादामची दहा मिनिटं गेली, लेकीने मला हळूच विचारलं, 'बाबा, तू आणि तुम्ही ना?' मी म्हटलं हो. संपला धडा. फक्त तिकडे आजीलाही त्यू, बाबालाही त्यू, आणि मादामना वू. म्हणजे आमच्या घरातल्यासारखंच.

लिंगाचंही तेच. खुर्चीला 'ती' का आणि दिव्याला 'तो' का हा प्रश्न मराठी मुलाला पडतच नाही, असतं म्हणजे असतं. लेकीचा आक्षेप वेगळा होता, 'ते' कुठे गेलं? फ्रेंचमध्ये दोनच, पुस्तक तिकडे 'तो', घर तिकडे 'ती', झाड 'तो'. हे तिने चालवून घेतलं. अडलं ते चंद्रावर. चंद्र म्हणजे 'ला ल्यून', बाई. दोन मिनिटं विचार करून म्हणाली, 'मग तिकडे चांदोमामी असेल.' विषय मिटला आणि शब्द कायमचा बसला.

आता किटबद्दल. क्लासबरोबर १२० चित्रांच्या कार्डांचा डबा येतो, जाड कागद, गोल कोपरे, चित्रं खरंच सुंदर. 'तो' ला निळी चौकट, 'ती' ला लाल चौकट, ही आयडिया पण चांगली. पण कार्डावर शब्द नुसता छापलाय, आर्टिकलशिवाय, आणि खाली इंग्लिश अर्थ. ज्या कोणी हे ठरवलं त्याने कधी मूल शिकवलं नसावं. फ्रेंचमध्ये नाम एकटं शिकायचंच नसतं, ते त्याच्या 'अँ' ('तो' साठी) किंवा 'यून' ('ती' साठी) सकट तोंडात बसलं पाहिजे, नाहीतर मोठेपणी माझ्यासारखं प्रत्येक शब्दापाशी तो का ती असा टॉस करावा लागतो. आणि शिकायचं तर 'ल-ला' पेक्षा 'अँ-यून' ने शिकलेलं बरं, कारण शब्द स्वराने सुरू झाला की ल आणि ला दोघांचाही फक्त 'ल्' उरतो, झाडाला 'लार्ब्र' म्हटलं की तो का ती काही कळत नाही. आता हे वाचून झाल्यावर सांगतो की नेमक्या त्याच झाडाच्या कार्डाला चौकट लाल आहे! म्हणजे बाई. चूक आहे ती. मी कळवलं, 'पुढच्या छपाईत दुरुस्त करू' असं उत्तर आलं, मी घरची निळी टेप लावली. दुसरी एक चूक अशीच सापडली, तिथे टेप पुरली नाही म्हणून मार्करने रंगवलं. मग एका रविवारी बसून १२० कार्डांच्या मागे अँ आणि यून लिहीत बसलो, बायको म्हणाली शाळेत एवढा अभ्यास केला असतास तर.

आकड्यांचं सेशन पहिल्या लेव्हलच्या शेवटी आलं आणि ते सगळ्यात भारी झालं. एकोणसत्तरपर्यंत सगळं सरळ चालतं आणि मग फ्रेंच माणसाचं डोकं फिरतं. सत्तर म्हणजे साठ-दहा, एकाहत्तर म्हणजे साठ आणि अकरा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले लोक शहाणे, ते सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' म्हणून मोकळे होतात.) मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात मागून आई म्हणाली, 'अरे म्हणजे चार विशा. आमची आजी असंच मोजायची, चार विशा आणि सतरा.' सत्त्याण्णव! बरोब्बर तसंच! मादामनी ऐकलं, त्यांनी लेकीला ते वर्गाला सांगायला लावलं, आणि त्या दिवशी नातीच्या क्लासमध्ये आजीच्या आजीचा हिशोब शिकवला गेला. तसंही ज्या पोराने एकोणऐंशी आणि एकोणनव्वद पचवलंय त्याला फ्रेंच आकड्यांचं काय भय.

१२ आठवडे, १६ तास. तेवढ्यात लेक स्वतःचं नाव सांगत होती, वय सांगत होती (मध्येच वाढदिवस झाला म्हणून 'सीझाँ' चं 'सेताँ' झालं, आणि सहा हा एकटा 'सीस', पण वर्षांना चिकटला की 'सीझ' होतो हे तिला कोणी नियम म्हणून सांगितलेलं नव्हतं, कानाने उचललेलं), आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून 'केस्कसे?' विचारत होती. 'हे काय आहे'. लिहिताना ते चार-पाच तुकड्यांचं वाक्य आहे, तिच्यासाठी एक शब्द. पाहुण्यांच्या टकलाकडे बोट दाखवूनही केस्कसे झालं, असो.

मग दुसरी लेव्हल. पहिल्याच दिवशी वर्कबुक उघडलं.

नवीन टीचरबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांचं फ्रेंच पहिल्या मादामपेक्षा काकणभर सरसच असेल, स्वभावही गोड. पण ११ मुलं आणि ४० मिनिटं म्हणजे टीचरने तोंडातून चकार शब्द काढला नाही तरी एका पोराच्या वाट्याला चार मिनिटं येत नाहीत. मग काय करणार, वर्कशीट देणार. जोड्या लावा, गाळलेली जागा भरा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून डिक्टेशन. शब्द स्क्रीनवर आले आणि गाडी घसरली. कारण सात वर्षांच्या पोराला तोपर्यंत एकच वाचन येत असतं ह्या लिपीतलं, ते म्हणजे इंग्लिश. मांजराला तीन महिने 'शा' म्हणणाऱ्या मुलीने समोर सी एच ए टी पाहिलं आणि वाचलं 'चॅट'. हाताला 'मँ' म्हणत होती, ते लिहिलेलं दिसलं आणि झालं 'मेन'. सहाचं 'सिक्स', टेबलाचं टेबलच. आणि ओ! पाण्याचा ओ! ई-ए-यू बघून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'हे काय आहे?' मराठीत विचारलं. केस्कसे नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ती क्लासमध्ये बोलेनाशी झाली. बघा, आधी चुकीचं बोलून खिदळणारी पोरगी, आता उत्तर येत असलं तरी म्यूट काढेना, कारण आता चूक म्हणजे लाल फुली होती. कॅमेरा किंचित छताकडे फिरवून ठेवायची म्हणजे अर्धं कपाळच दिसेल.

एक दिवस तिची वही उघडून पाहिली. मागच्या पानांवर तिने गुपचूप देवनागरीत सगळं लिहून ठेवलेलं. 'शा - मांजर', 'शिअँ - कुत्रा', 'केस्कसे - हे काय आहे', 'ओ - पाणी आणि आजी'. टीचरना ते एकदा कॅमेऱ्यात दिसलं तेव्हा त्यांनी प्रेमानेच सांगितलं की असं लिहू नकोस, उच्चार बिघडतात. अर्धं पटतं मला. तो चंबूवाला यू देवनागरीत मावत नाही, नाकातले तीन-चार स्वर चंद्रबिंदूंनी जेमतेम वेगळे होतात. पण तिने ते कानाने ऐकून लिहिलं होतं, आणि पुढच्या पानावर जे अधिकृत स्पेलिंग होतं ते ती चक्क चुकीचं वाचत होती. मग उच्चार नक्की कशाने बिघडतोय? मी ती पानं फाडू दिली नाहीत.

कोऑर्डिनेटरला मोठी मेल लिहिली. की बाई, ही मुलं अजून कानाने शिकतायत, लिहायला उशीर करा, किंवा निदान आधी ऐकवा, मग बोलवून घ्या आणि शब्द सगळ्यात शेवटी दाखवा. आणि शब्द दाखवायचेच तर चार सोपे नियम तरी सांगा, की शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा मुकं असतं, सी आर एफ एल ही चार अक्षरं त्यातल्या त्यात बोलकी, आणि त्यातही क्रियापदाच्या शेवटचा ई-आर मुका. उत्तर फार सभ्य आलं. त्यात लिहिलं होतं की पालकांच्या मागणीवरूनच दुसऱ्या लेव्हलला लिखाण वाढवलंय, आणि सोबत पहिल्या लेव्हलनंतरच्या फीडबॅक फॉर्मची आठवण करून दिली होती. मी माझा फॉर्म शोधला. त्यात सुधारणेच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'सगळं उत्तम, फक्त वहीत काही दिसत नाही, लिखाण थोडं वाढवावं.' घ्या. तीन वर्षं वहीत फ्रेंच शिकून मुका राहिलेला माणूस मुलीच्या वहीत काही दिसत नाही म्हणून तक्रार करत होता. त्यामुळे ह्या मुद्द्यावर त्यांच्या एकट्यांच्या नावाने खडे फोडत नाही, थोडे माझ्याही नावाने फोडून घ्या.

परीक्षेचं मात्र त्यांनी अति केलं. दुसरी लेव्हल अर्धी झाल्यावर फोन सुरू झाले की 'डेल्फ प्रिम'ला बसवा, लेव्हल संपेपर्यंत ए-१, म्हणजे भाषेची सुरुवातीची पायरी, होतंय. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेल्फ प्रिम ही परीक्षा खरी आहे आणि चांगली आहे, फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा डिप्लोमा मिळतो, साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, खालून वर तीन पायऱ्या: ए-१.१, ए-१ आणि ए-२. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात निदान ५. आता ए-१ ला साधारण ६० ते १०० तास शिकणं धरतात. आमचे दोन्ही लेव्हल मिळून तास किती? १६ आणि २०, छत्तीस. छत्तीस तासांत ए-१ म्हणजे वाऱ्यावरची वरात. ए-१.१ म्हणाले असते तर निदान ऐकून घेतलं असतं. मी नाही म्हटलं, ते दोन आठवडे फोन करत राहिले.

आणि 'लवकर सुरू करा, मुलं स्पंजसारखी असतात' हे जे प्रत्येक क्लासच्या जाहिरातीत असतं ना, त्याबद्दल थोडं. मी रागारागात ह्यावर वाचत बसलो एक आठवडा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६३ पासून प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवायचा मोठा प्रयोग झाला होता, क्लेअर बर्स्टल आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला आणि १९७४ मध्ये अहवाल आला. निष्कर्ष असा की लवकर सुरू करणाऱ्यांना सोळाव्या वर्षी फारसा फायदा उरत नाही, पुढे होते ते फक्त ऐकून समजण्यात. योजना गुंडाळली गेली. (तरीही इंग्लंडने २०१४ पासून ७ ते ११ वयात परकी भाषा सक्तीची केलीच, ते वेगळं.) आता दुसरं टोक बघा. १९६५ मध्ये कॅनडात क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्टला इंग्लिश बोलणाऱ्या आईबापांनी मागे लागून बालवाडीचा एक वर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू करवला, मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्टनी त्याचा अभ्यास केला, आणि ती मुलं खरंच फ्रेंच शिकली. कारण ती दिवसभर फ्रेंचमध्येच होती. तिथेही पुढे असं दिसलं की ही मुलं समजून घेण्यात फ्रेंच मुलांच्या बरोबरीला येतात, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहतात, कारण वर्गात ऐकणं भरपूर आणि स्वतः बोलणं कमी. म्हणजे स्पंज खराच, पण बादलीत बुडवला तर. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं म्हणजे शिंतोडे. शिंतोड्यांत काय टिकतं, तर कान. आणि हा क्लास कानाचं काम पहिल्या लेव्हलला फर्स्टक्लास करून दुसऱ्या लेव्हलला त्यावर वही ठेवतो, हीच माझी तक्रार आहे, दुसरी नाही.

मार्क द्यायचे तर पहिल्या लेव्हलला पाचपैकी साडेचार (अर्धा कार्डांनी खाल्ला), दुसरीला दोन, कोऑर्डिनेटरच्या सभ्यपणाला एक वेगळा, परीक्षेच्या फोनांना वजा दीड.

कोणी घालणार असेल तर ट्रायल क्लासला तीन गोष्टी बघा. टीचर इंग्लिश किती बोलते ते घड्याळ लावून मोजा. बॅच आठच्या वर असेल तर उठून या. आणि तेच टीचर पुढच्या लेव्हलला राहणार का हे लेखी घ्या, आम्हाला ते तोंडी सांगितलं होतं. ट्रायलला जे दिसतं ते नेहमी त्यांचं बेस्ट माणूस असतं, त्यामुळे दुसऱ्या लेव्हलचा चालू वर्ग दहा मिनिटं बघायला मिळतो का तेही विचारा. नाही म्हणाले तर समजा काय ते. वयाचं म्हणाल तर ज्याला इंग्लिश वाचन नुकतंच जमायला लागलंय अशा पोराला फ्रेंच वाचायला लावायची घाई करू नका, आमचं तिथेच फसलं. घरी ज्यांच्या आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना 'जाक आ दी' मध्ये जरूर ओढा, क्लासपेक्षा जास्त प्रॅक्टिस तिथे होते आणि आउट झाल्यावर त्यांच्याइतकं भांडत कोणी नाही.

आम्ही तिसरी लेव्हल घेतली नाहीये. पहिल्या मादाम स्वतंत्रपणे काही करत असतील तर बघू म्हणून विचारलं, त्या म्हणाल्या करारात बसत नाही, बरोबर आहे त्यांचं. सध्या लेक आणि आजी जुनी रेकॉर्डिंग लावून बसतात, लुलू रडायला लागली की दोघी मिळून तिला ओरडतात. आणि हो, रेकॉर्डिंगचं सांगायचं राहिलंच, लेव्हल संपली की पंधरा दिवसांत ती अ‍ॅपवरून उडतात आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा घेणाऱ्यांनी प्रत्येक सेशननंतर लगेच डाउनलोड करत जा. मला २४ पैकी नऊच वाचवता आली. आकड्यांचं गेलं, पण चार विशा सतरापर्यंत आईला ते तोंडपाठ आहे.